माझ्या पिस्तुलाचा खर्च, एल्डनच्या मजुरीसह

मी, नेडीन रूथ हॅलव्हर्सन, वय वर्षे शहात्तर, विधवा, काउंटी कचेरीत अडतीस वर्षे कारकुनी करून निवृत्त, राहणार लिंडन रस्ता, मिल क्रीक, आयडाहो, आज गुरुवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून स्वहस्ते असे लिहून ठेवते की, माझ्या मानगुटीवर कोणी बसलेले नाही, कोणी मला चहा-केक देऊन फितवलेले नाही आणि माझे डोके ठिकाणावर आहे. आजचे शब्दकोडे मी पेनने सोडवले आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी काही कर्तव्य नाही.

मला मरायची घाई नाही. शनिवारी नेमबाजीची स्पर्धा आहे आणि मी नाव घातले आहे. परंतु अडतीस वर्षे मी दुसऱ्यांची मृत्युपत्रे दाखल करून घेतली. बर्फाच्या पेटीवरून सख्ख्या भावांनी एकमेकांचे तोंड पाहणे बंद केल्याचे मी पाहिले आहे. शिवाय गेल्या रविवारी माझा मुलगा क्रेग याचा बॉयसीहून फोन आला आणि तो म्हणाला, "आई, तुझ्या त्या पिस्तुलाचं पुढेमागे काय करायचं गं? पाचशेचंच आहे ना? मी आपलं इथल्या दुकानात देऊन टाकीन."

मी फोन ठेवला आणि फाईल काढली. सांगायचे ते आता लेखी सांगितलेलेच बरे.

कलम १. याआधीचे माझे मृत्युपत्र मी रद्द करते. ते रॉइस जिवंत असताना केले होते आणि त्यात सगळे रॉइसलाच जात होते. तो बारा वर्षांपूर्वी माझ्या आधी गेला. प्रत्येक दारातून तो माझ्या आधी बाहेर पडत असे.

कलम २. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण होईलच, आणि त्यात बटाटे-चीजचा तो भाजलेला ट्रे असणारच, कारण त्याशिवाय आमच्याकडे कोणाला पुरत नाहीत. माझी हरकत नाही. मात्र वर घालायचे कॉर्नफ्लेक्स लोण्यात परतून घालावेत. कोरडे घातलेले मला कळणार नाही, पण ज्यांना माझ्यासाठी यावे लागले त्यांना तरी नीट खायला मिळावे.

कलम ३. लिंडन रस्त्यावरचे घर, बँकेतली शिल्लक आणि दुरुस्त केलेले छप्पर माझा मुलगा क्रेग याला. नाते: मुलगा. क्रेग, छपराची हमी अजून सोळा वर्षे आहे. कागद ओव्हनच्या खालच्या कप्प्यात आहेत. तिथे ओव्हनचे काही ठेवायची मला कधी गरज पडली नाही.

कलम ४. रॉइसच्या शिकारीच्या तिन्ही रायफली क्रेगला. त्याचे वडील पिस्तुलाला खेळणे म्हणत. रॉइस एका गोळीसाठी दोन दिवस डोंगरात बसे आणि मी एका शनिवारी दीडशे गोळ्या झाडते. आम्ही दोघे एकाच वेळी या छंदात नव्हतो, हे आमच्या संसाराचे भाग्य.

कलम ५. फिलिस ट्रॅव्हिक हिला काहीही नाही. ती आमच्या क्लबात गुण लिहिते. सहा वर्षांपूर्वी मी पिस्तुलाच्या नळीला झटका कमी करणारे टोपण लावून स्पर्धेला गेले, तेव्हा तिने पाटीवरचे माझे नाव खोडून मला खुल्या गटात टाकले. खुल्या गटात कोण असते? ज्यांची पिस्तुले माझ्या गाडीपेक्षा महाग आहेत अशी पोरे. मी म्हटले, "फिलिस, सत्तरीची बाई आहे मी. एवढ्याशा टोपणानं काय होतंय?" तर ती म्हणाली, "टोपण लावलं की खुला गट. वयाला वेगळा नियम नाही बाई, वय नको सांगूस." आणि हसली. मी एकोणिसांत एकोणिसावी आले.

नियम तसाच होता, हे मी मान्य करते. हसण्याचा नियम नव्हता. म्हणून तिला काही नाही. मात्र जिला माझ्याकडून काही मिळणार नाही आणि जी माझ्यासाठी एक अक्षर खोटे लिहिणार नाही, अशी तिच्याइतकी चांगली साक्षीदार गावात दुसरी नाही. म्हणून साक्षीदार क्रमांक एक: फिलिस ट्रॅव्हिक. ती चार वाजता येईल. साक्षीदार क्रमांक दोन: एल्डन पिकेट, आमच्या क्लबातलाच, माझ्या पिस्तुलाची कामे करणारा. तो तीन वाजता येतो आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये, हे मी कचेरीत हजार वेळा सांगितले आहे. आमच्या राज्यातला कायदा एक वेळ चालवून घेईल. मी नाही.

कलम ६. पिस्तूल. इथे मला कबुलीजबाब द्यायचा आहे.

क्रेग, तुला मी पाचशे सांगितले, ते खोटे नव्हते. सुरुवातीला ते चारशे एकोणनव्वदलाच घेतले होते. वर परवानेवाल्या दुकानदाराने कायद्याप्रमाणे माझी चौकशी केल्याचे तीस. परंतु हे पिस्तूल जोडणीचे आहे. आत नंबर कोरलेला एक पोलादी गाभा असतो, तळहाताएवढा. कायद्याने तेवढेच पिस्तूल. बाकीचे सगळे, म्हणजे मूठ, नळी, वरची मागेपुढे सरकणारी स्लाइड, हे कायद्याच्या हिशेबाने नुसते भाग. ते पायमोज्यांसारखे टपालाने घरी येतात. त्यामुळे होते असे की माणसाने एकदाच पिस्तूल विकत घेतलेले असते, आणि आपण खर्च करतो आहोत हे त्याच्या नऊ वर्षे लक्षात येत नाही.

माझे हात लहान, त्यात बोटांचे सांधे सुजलेले. दुकानातली मूठ मला विटेसारखी वाटे. म्हणून लहान मूठ मागवली, शेहेचाळीस डॉलर. एल्डनने ती माझ्या हाताच्या मापाने घासायला घेतली आणि बिघडवली. दुसरी मागवली, तीही बिघडली. तिसरी जमली. एल्डन म्हणाला, "बघ, हाच तर जोडणीच्या पिस्तुलाचा फायदा. शेहेचाळीसचं नुकसान झालं, चारशेंचं नाही." हिशेब मला पटला. आता वाटते, याच हिशेबाने माझा खिसा कापला.

मग धातू मिसळलेली जड मूठ आली, दोनशे पस्तीसला, कारण वजन असले की पिस्तूल कमी उसळते. मग हलका चाप, एकशे एकोणसाठ. मग डोळे. नेम धरायची नळीच्या टोकावरची लोखंडी माशी दिसेनाशी झाली, म्हणून लाल ठिपक्याची छोटी दुर्बीण बसवायचे ठरले. तिच्यासाठी स्लाइडला खाच पाडून वर लेप देण्याचे दोनशे पंचेचाळीस झाले, आणि एवढे झाल्यावर मी दुर्बिणीत हात आखडता घेतला. एकशे चाळीसची घेतली. ती तिसऱ्या स्पर्धेत, माझा नंबर पुकारल्यावर विझली. मग चारशे दहाची घेतली. क्रेग, या छंदात पैसे कुठे वाचवायचे हे मला कोणी विचारले, तर मी सांगीन की मुठीत वाचव, रंगात वाचव, दुर्बिणीत वाचवू नकोस. ती स्वस्त घेतली की दोनदा घ्यावी लागते.

आणि ते टोपण, एकशे पंधराचे. ते लावायला आटे असलेली नळी हवी, म्हणून नवी नळी, दोनशे दहा. टोपण लावल्यावर माझ्या हलक्या गोळ्यांनी स्लाइड पुरती मागे जाईना, म्हणून नरम स्प्रिंगा, अडतीस. मग पिस्तूल कमरेच्या जुन्या होल्स्टरमध्ये मावेना. एकूण तीन होल्स्टर झाले, सत्तर सत्तरचे. एवढा भुर्दंड सोसून मी एकोणिसावी आले, हे वर लिहिलेच आहे. त्याच संध्याकाळी टोपण काढून कानाला खडा लावला. गोळ्या भरायची मॅगझिने सहा, अठ्ठेचाळीसच्या भावाने. ती कोणीच हिशेबात धरत नाही.

एकूण दोन हजार सातशे सात डॉलर. गोळ्या धरलेल्या नाहीत. त्या धरल्या तर मलाच साक्षीदारांसमोर भोवळ येईल.

आता हे ऐक. तरी मी म्हणते, हे सगळे पैसे वसूल झाले. पासष्टाव्या वर्षी मी रॉइसची क्लबची किल्ली परत द्यायला खडीच्या खाणीतल्या त्या मैदानावर गेले, एल्डन पिकेटने माझ्या हातात त्याचे पिस्तूल ठेवले आणि म्हणाला, "किल्ली राहू दे, आधी ती पोलादी थाळी पाड." मी पाडली. ती 'टण्' अशी वाजली आणि वर्षभरात पहिल्यांदा मी मोठ्याने हसले. तेव्हापासून प्रत्येक शनिवारी हसते.

म्हणून पिस्तूल, सगळ्या भागांसह, क्रेगला. ते सुटे करून विकू नये. दुकानदार मुठीचे वीस डॉलर देईल, आणि त्या मुठीत माझ्या पाचही बोटांची जागा आहे.

कलम ७. एल्डन पिकेट याची मजुरी.

फाईल चाळताना माझ्या लक्षात आले की प्रत्येक पावती आहे, फक्त मजुरीचा रकाना नऊ वर्षे रिकामा आहे. एल्डन शाळेच्या बसगाड्यांचा मेकॅनिक होता. वय एकाहत्तर. लग्न केले नाही. का, असे विचारले तर म्हणतो, बसगाड्या बिघडत होत्या. दर बुधवारी मी त्याच्या गॅरेजात जाते. तो कानशीने घासतो, मी स्टुलावर बसून बोलते. मी तीनदा बिल मागितले. दर वेळी तो म्हणाला, "पीचची गोड पाई आणलीस ना? झालं तर."

माझ्या डायरीप्रमाणे दोनशे बारा तास भरतात. गॅरेजच्या दराने, तासाला पंचवीस, पाच हजार तीनशे डॉलर. ते माझ्या शिल्लकेतून त्याला आधी द्यावेत. ही देणगी नाही, देणे आहे, म्हणून तो साक्षीदार राहू शकतो.

मी खरे लिहायला बसले आहे, तर हेही लिहिते. पिस्तूल त्यालाच द्यावे असे मनात होते. परंतु लाभार्थ्याच्या नावापुढे नाते लिहावे लागते, आणि बुधवारी ज्याच्या गॅरेजात बसते तो, असे नाते कचेरीत चालत नाही. माझ्या जागी आता बसलेली पोरगी चष्म्यावरून बघेल. मला त्या बघण्याची भीती वाटली. मजुरी लिहिली की कोणी बघत नाही.

(इथे लेखन थांबले. पुढचा मजकूर त्याच दिवशी दुपारी साडेतीननंतरचा. खोडाखोड आहे तशी ठेवली आहे, कारण नक्कल करायला वेळ नाही. का नाही, ते खाली येते.)

एल्डन तीनला दहा कमी असताना आला. धुतलेला शर्ट, स्वतःचे पेन. मी सांगितले की साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, फक्त माझी सही बघायची. तो म्हणाला, "न वाचता मी तेलाच्या पावतीवरपण सही केली नाही कधी." आणि बसून वाचू लागला. कॉर्नफ्लेक्सपाशी हसला. फिलिसपाशी हसला. सातव्या कलमापाशी त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दोनशे बारा तास?"

"डायरीत आहेत. तारखेनिशी."

"तू तास मोजत होतीस?"

"कारकून आहे मी, एल्डन. मोजल्याशिवाय मला झोप येत नाही."

"मग मोजताना तुला काहीच वाटलं नाही? एक मूठ घासायला माणसाला किती वेळ लागतो?"

"मला काय माहीत? मी थोडीच मेकॅनिक आहे."

"एक दुपार," तो म्हणाला. "फार तर दोन. मी चौदा बुधवार घासली."

मी डायरी उघडून ते बुधवार मोजले. चौदाच होते.

"आणि त्या बिघडलेल्या मुठी?" मी विचारले.

"पहिली खरंच बिघडली."

"दुसरी?"

त्याने टोपी हातात घेऊन फिरवली. "दुसरी चांगली जमली होती गं. इतकी जमली होती की पुढच्या बुधवारी तुला यायचं काही कारणच उरत नव्हतं. म्हणून मग कानस जरा जास्त चालवली."

"शेहेचाळीस डॉलर, एल्डन!"

"हो. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले गेलेले शेहेचाळीस डॉलर."

"अरे पण ते माझे होते!"

मग आम्ही दोघे इतके हसलो की माझ्या डोळ्यांना पाणी आले आणि त्याला खोकला लागला. मी त्याला पाणी दिले. पाणी पिऊन झाल्यावर मात्र तो हसत नव्हता.

"मजुरी खोड, नेडीन. मला राग आलाय त्या कलमाचा. नऊ वर्षं मी तुझ्याकडे कामाला नव्हतो."

"खोडते. पण मग तुला देऊ काय? पिस्तूल दिलं तर तुला साक्षीदार होता येणार नाही."

"नाही होत मी साक्षीदार. तुझ्या कागदावर मला बाजूला उभं राहून बघायचंच नाहीये."

"आणि नात्याच्या रकान्यात काय लिहू? तिथं काहीतरी लागतं. मोकळा सोडला की कागद परत येतो."

"नवरा लिही."

"असं नुसतं लिहिता येत नाही. आधी लग्न करावं लागतं."

"मग करू की," एल्डन म्हणाला. "कचेरी किती वाजता बंद होते?"

मी अडतीस वर्षे त्या कचेरीला कुलूप लावले. मी म्हटले, "पाच वाजता. परवाना लगेच मिळतो, थांबावं लागत नाही. पण पावणेपाचनंतर गेलं तर ती पोरगी तोंड वाकडं करते."

"तुला कसं माहीत?"

"मीच शिकवलंय तिला."

त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले. माझ्या बोटांची प्रत्येक गाठ त्या माणसाला माझ्या डॉक्टरपेक्षा जास्त पाठ आहे, तरी ती पुन्हा एकदा बघितल्यासारखी बघितली. मी हो म्हणाले. हे मी पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाखाली न येता म्हणाले, याची इथे नोंद करते.

मग क्रेगला फोन लावला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "आई, पिस्तूल खरं कितीला पडलं?" मी दोन हजार सातशे सात सांगितले. त्याने तो आकडा पुन्हा एकदा माझ्याकडून वदवून घेतला. मग म्हणाला, "मग ठीक आहे. त्याच्याकडेच राहू दे. मी तर पाचशेला विकलं असतं." आणि मग, अगदी लहानपणच्या आवाजात, "तू खूश आहेस ना गं?" मी आहे म्हटले. तो म्हणाला, ते फोनमधूनही ऐकू येतंय.

कलम ७, पूर्वीचे, मजुरीसह: खोडले. ने. हॅ.

कलम ६ मधील शेवटची तरतूद: खोडली. ने. हॅ.

कलम ७, नवे. हे मृत्युपत्र मी एल्डन पिकेट याच्याशी होणारा माझा विवाह गृहीत धरून करते, म्हणजे पुढे कोणा वकिलाने त्या विवाहाच्या नावाखाली यातली पाने उलटीपालटी करू नयेत. घर आणि शिल्लक क्रेगचीच. एल्डनला त्यातले काही नको आहे. तो म्हणतो, मी माझे गॅरेज सोडणार नाही, तूच ये राहायला. यावर बोलणी चालू आहेत.

पिस्तूल, म्हणजे नंबर कोरलेला गाभा, सगळ्या मुठी, दोन्ही नळ्या, विझलेली आणि चालू अशा दोन्ही दुर्बिणी आणि ते टोपण, सगळे एकत्र, एल्डन पिकेट याला. नाते: होणारा नवरा. त्याच्यामागे क्रेगला, मात्र क्रेगने त्याआधी निदान एका शनिवारी मैदानावर येऊन एक तरी थाळी पाडलेली असावी. दुसऱ्या मुठीचे शेहेचाळीस डॉलर मी एल्डनकडून जिवंतपणीच वसूल करीन. घाई नाही. हप्ते चालतील.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी क्रेगने करावी. भांडण झाल्यास माझ्या फाईलमधला कागद ग्राह्य धरावा. भांडण होणार नाही असे मला वाटते.

येणेप्रमाणे सगळे लिहून झाले. मी वाचून पाहिले. शुद्धलेखनाच्या दोन चुका सापडल्या, त्या सुधारल्या. बाहेर गाडी चालू आहे आणि एल्डन दारात उभा राहून घड्याळाकडे बघतो आहे.

सही: नेडीन रूथ हॅलव्हर्सन
ठिकाण: मिल क्रीक, आयडाहो
दिनांक: १६ मे २०२४, दुपारी चार वाजून वीस मिनिटे

साक्षीदार क्र. २: एल्डन पिकेट. खोडले. लाभार्थी आहे. ने. हॅ.

त्याच्या जागी: डोरीन मॅकॅबी, टपाल वाटणारी. मी पार्सलवर सही घ्यायला आले होते आणि माझीच सही घेतली. बाईंनी माझ्यासमोर सही केली. मला या कागदातून काही मिळत नाही, पीचच्या पाईचा एक तुकडा मिळाला, तो सहीनंतर.

साक्षीदार क्र. १: फिलिस ट्रॅव्हिक. नेडीन हॅलव्हर्सन हिने माझ्यासमोर सही केली. मला यातून काही मिळत नाही, हे मी वाचले, आणि का ते पण वाचले. टोपणाचा नियम तेव्हा बरोबर होता आणि आजही बरोबर आहे. सही करणारी बाई शुद्धीवर होती की नाही, एवढेच मी सांगायचे आहे. तर, मी तिला अकरा वर्षे दर शनिवारी बघते आहे, आणि इतकी शुद्धीवर ती मला आजच पहिल्यांदा दिसली.